सासूबाईंच्या गुडघ्याचा कौल

नलिनीमावशींनी सांगितलं तेव्हा श्रुतिकाचं सगळं लक्ष काट्यांकडे होतं. पापलेटाचा काटा अडीच वर्षांच्या मुलीच्या घशात किती अंशात वळला तर अडकतो, याचा ती दहिसरच्या मासळी बाजारात उभी राहून विचार करत होती.

"पोरी, तुज्या सासूकडं लक्ष दे जरा," पाटीमागून नलिनीमावशी म्हणाल्या. "दोन म्हयने झाले, भाव करत नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? मी पाचशे बोलते, ती पाचशे देते नि जाते. वीस वर्सांत असा कदी झाला नाय. काय तरी दुखतंय तिचा."

श्रुतिका हसली. घरी येऊन तिने नवऱ्याला, सुयोगला, आनंदाने बातमी दिली की आईंचा स्वभाव वयोमानाने उदार होत चाललाय. सुयोगने मोबाइलमधून मान वर न करता "गुड" म्हटलं. विषय संपला.

आता श्रुतिका काही बेफिकीर बाई नव्हे. उलट. अंधेरीतल्या एका औषध कंपनीत छापायला जाणारी लेबलं तपासायचं तिचं काम, म्हणजे चुका शोधण्याचाच तिला पगार. घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला स्पंज. भाविकाला दिवसात किती शिंका आल्या हे ती विचारल्याशिवाय सांगे. पण माणसाची नजर एका उंचीवर बसली की बसली, आणि तिची बसली होती जमिनीपासून अडीच फुटांवर. त्याच्या वर काय चाललंय ते दिसायचं राहूनच गेलं.

म्हणूनच सासूबाई, सगुणाबाई, लिफ्ट नसलेल्या त्या इमारतीचा जिना चढताना पहिल्या मजल्यावर केतनभाईंच्या तब्येतीची चौकशी करायच्या, दुसऱ्यावर कोणाच्या तरी कुंडीतल्या तुळशीची पानं मोजायच्या आणि तिसऱ्यावर श्वेताच्या दाराबाहेरच्या चपलांवरून आत कोण पाहुणे आहेत ते ओळखायच्या, तेव्हा श्रुतिकाला वाटायचं, आईंना माणसांची किती आवड! चौथ्या मजल्यावर घरी पोचायला त्यांना वीस मिनिटं लागायची. इतका जनसंपर्क नगरसेवकसुद्धा ठेवत नाही.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी भाविका जमिनीवरून उठली ती अशी : आधी एक हात टीपॉयवर, मग दुसरा स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर, मग डोळे मिटून "आयो... देवा म्हाराजा!" आणि मग उजवा पाय फेकत, डोलत डोलत, स्वयंपाकघराकडे.

श्रुतिकाच्या हातातला चहा सांडला. पुढच्या दहा मिनिटांत तिने इंटरनेटवर लहान मुलांच्या हाडांचे सात आजार वाचले, त्यांतले पाच भाविकाला आहेत हे नक्की केलं आणि दुपारी सासूबाईंना सोबत घेऊन बोरिवलीच्या मुलांच्या डॉक्टरांकडे जाऊन बसली. डॉक्टरांनी भाविकाचे पाय वाकवले, ताणले, तिला उड्या मारायला लावल्या आणि एक स्टिकर दिला.

"हिला काहीही झालेलं नाही. घरात असं कोण चालतं?"

"कोणीच नाही," श्रुतिका ठामपणे म्हणाली.

त्याच वेळी भिंतीकडच्या बाकावरून सगुणाबाई निघायला म्हणून उठल्या. आधी एक हात बाकाच्या दांडीवर. मग दुसरा उजव्या गुडघ्यावर. मग "आयो... देवा म्हाराजा!"

डॉक्टर श्रुतिकाकडे बघत राहिले. भाविकाने टाळ्या वाजवल्या. ती नजर श्रुतिका अजून विसरलेली नाही. शाळेत वहीवर 'पालकांची सही आणा' असा शेरा मिळाल्यावर वाटायचं तस्संच तिला वाटलं, आणि आता तर पालक तीच होती.

मग मात्र तिने सासूबाईंचा गुडघा हाती घेतला. एक्स-रे निघाला. तो घरी यायच्या आधी पहिल्या मजल्यावर थांबला, कारण केतनभाईंनी तो जिन्यातच ताब्यात घेतला. केतनभाईंचा धंदा टाइल्सचा; पण टाइल्समध्येही सांधे असतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी फिल्म खिडकीशी धरली आणि गंभीर चेहऱ्याने निदान केलं, "लेफ्टवाला एकदम खलास छे. राइट तो बेस्ट!"

"केतनभाई, फिल्म उलटी धरलीये तुम्ही. ते आर अक्षर बघा ना, पालथं दिसतंय," श्रुतिका म्हणाली. लेबलवाली नजर.

"तरी पण," केतनभाई फिल्म न फिरवताच म्हणाले, "तेल लावो. मोहरीचं."

श्वेताने पायऱ्यांवर उभं राहून योगाचं एक आसन करून दाखवलं आणि तिची स्वतःचीच पाठ धरली. सोसायटीच्या ग्रुपवर अठ्ठावीस जणांनी अठ्ठावीस डॉक्टर सुचवले. त्यांतले चार श्रुतिकाने निवडले.

बोरिवलीच्या हाडांच्या डॉक्टरांनी दुर्बीण सांगितली. दोन बारीक भोकं पाडायची, आतून साफसफाई करायची, संध्याकाळी घरी.

"साफसफाई? मगे दिवाळीच्या आधी नाय काय सांगायचा?" सगुणाबाई म्हणाल्या.

घाटकोपरच्या डॉक्टरांनी दुर्बीण हा शब्द ऐकूनच डोक्याला हात लावला. एवढ्या झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून काही साधत नाही, म्हणाले; पाय बाहेरच्या बाजूला वाकलाय, तेव्हा गुडघ्याखालचं हाड कापून पाय सरळ करू. वय जरा जास्त आहे, पण हाड चांगलं आहे. सगुणाबाईंना हाडाची स्तुती आवडली. कापणं नाही आवडलं.

अंधेरीला तर डॉक्टरांच्या आधी एका मोठ्या पडद्यावर रोबोट भेटला. तिथे गुडघा अख्खाच बदलायचा होता; आणि एक नाही, दोन्ही.

"पण डावो माझो दुकणा नाय," सगुणाबाई म्हणाल्या.

"पुढे दुखेल."

सासरे भिकाजी चाळीस वर्षांपूर्वी, गिरणी बंद पडेपर्यंत, तिथे साचे, म्हणजे माग, चालवायचे. तेही सोबत आले होते. "म्हणजे चालू खातासुद्धा बंद करूचा," ते पुटपुटले. "बगलेलो आसय मी ह्यो प्रकार."

प्रत्येक ठिकाणी सगुणाबाई शेवटी एकच प्रश्न विचारायच्या : "मांडी घालून बसाक येतला?" बोरिवलीवाले "नक्की!" म्हणाले, पण इतक्या झटकन की त्यांचा विश्वासच बसला नाही. घाटकोपरवाले म्हणाले, बघू. अंधेरीत उलट विचारणा झाली, की घरात सोफा नाही का?

राहिलं मुलुंड. तिथल्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी फिल्म बघायच्या आधी सगुणाबाईंना दवाखान्याच्या पायऱ्या चढायला-उतरायला लावल्या. मांडीचा प्रश्न आला तेव्हा त्या म्हणाल्या, "कशासाठी बसायचंय, आजी?"

सगुणाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. एवढं कोणी विचारलंच नव्हतं.

"आडाळ्यार बसून नारळ खवतंय मी. ही नात समोर बसता. ताटातला खोबरा चोरून खाता. मी बघूक नाय असा दाखवतंय."

आडाळो म्हणजे त्यांची गावची विळी, पुढे खवणीचं पातं असलेली. डॉक्टर बाई हसल्या नाहीत. "तुमच्या गुडघ्याची फक्त आतली बाजू झिजलीये. तेवढीच बदलू, अर्धीच वाटी. उघडल्यावर जास्त झीज दिसली तर पूर्ण बदलावी लागेल, हे आधीच सांगते. गुडघा चांगला वाकेल. पण जमिनीवर बसायची खात्री मी देणार नाही. शक्यतो नकोच म्हणेन."

परत येताना सगुणाबाई रिक्षात म्हणाल्या, "ही बाई बरी. नाय म्हणता."

मुलुंड ठरलं. आता विम्याचे कागद करायचे, की झालं, असं श्रुतिकाला वाटलं. सुयोगच्या ऑफिसच्या पॉलिसीत आईचं नाव होतं सगुणा. आधार कार्डावर होतं प्रेमा. कारण कार्ड काढलं होतं शाळेच्या दाखल्यावरून, आणि शाळा झाली होती माहेरच्या नावाने.

"मॅडम, या दोघींपैकी ऑपरेशन कोणाचं आहे?" विमा कंपनीतून विचारणा झाली.

"दोघी एकच आहेत. लग्नात नाव बदललं."

"त्याचा पुरावा?"

श्रुतिकाने सासऱ्यांकडे पाहिलं. "मी स्वतः लिवलंय की! ताटात, तांदळावर, अंगठीन," भिकाजी छाती पुढे काढून म्हणाले.

"ते ताट आहे का?"

"ताट हा. तांदळाचो भात झालो."

प्रतिज्ञापत्र झालं, नोटरी झाली, दोन साक्षीदार झाले. त्यांतले एक केतनभाई. त्यांनी सही करता करता नोटरीच्या खांद्यावर मोहरीचं तेल सुचवलं. तीन आठवडे आणि चौदा फोननंतर कंपनीने मान्य केलं की प्रेमा आणि सगुणा ही एकच बाई असून तिला एकूण दोनच गुडघे आहेत. तारीख मिळाली. श्रुतिकाने हॉस्पिटलची बॅग भरली, यादी केली, यादीची यादी केली.

आणि तेव्हा सगुणाबाई म्हणाल्या, "देवाक इचारलास?"

गावच्या देवाला कौल लावल्याशिवाय त्या घरात रंगसुद्धा बदलला नव्हता. पाषाणाच्या दोन बाजूंना गुरव दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. देवाच्या उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नको. गावी जाण्याइतका गुडघा चालत नव्हता. पण तिथले गुरव, शिवदासकाका, चाळीस वर्षं देवाची आणि दोन वर्षं स्मार्टफोनची सेवा करत होते.

सुयोगने चारही पर्याय व्यवस्थित लिहून त्यांना पाठवले. काकांचा लगेच फोन. "रे सुयोगा, एका टायमाक एकच. होय काय नाय. देव परीक्षेचो पेपर सोडवणा नाय!"

देवळात रेंज नव्हती. म्हणून काकांनी फोन खांबाला टेकवून, स्वतःचं आणि देवाचं चित्र बरोबर येतंय की नाही हे पडद्यावर बघत व्हिडिओ काढला आणि मग टेकडीवर चढून पाठवला. रविवारी सकाळी सगळं घर मोबाइलभोवती बसलं, सगुणाबाई खुर्चीत.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" भिकाजी मोबाइलला म्हणाले.

"आज तुझा लेकरू सगुणा, मुंबयत दहिसराक रवता. तिचा उजवा ढोपर कामातसून गेला हा. एक डाक्टर म्हणता दुर्बीण घाला..."

"व्हय म्हाराजा!"

"...दुसरो म्हणता हाड कापा, तिसऱ्यान रोबोट ठेवलेलो हा, नि चौथी म्हणता अर्धी वाटी पुरे. तर ह्या सगळ्या डाक्टरांका तू सद्बुद्धी दी. जा काय वाकडा असात ता सरळ कर. चौथ्या डाक्टरणीकडे तुझ्या लेकराचा ऑपरेशन करूचा असात तर उजवो दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी भाविकासुद्धा.

पाकळी हलली. थांबली. पडली, पडद्याच्या उजव्या बाजूला.

"उजवी! उजवी!" श्रुतिका ओरडली.

"थांब गो," सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या. "देव आपल्याकडे तोंड करून आसा. आपलो उजवो तो त्येचो डावो."

व्हिडिओत शिवदासकाकांनी मान डोलावली आणि कॅमेऱ्याकडे प्रसादाचा हात पुढे केला : "घे गो बाय." तिथेच व्हिडिओ संपला, पुढचं बोलायला फोनमध्ये जागा उरली नव्हती. डावो म्हणजे डावो. काकांना फोन करून शहानिशा करावी असं सुयोग म्हणाला, तर सगुणाबाईंनी त्याला गप्प केलं. देवाला दोनदा विचारतात काय?

श्रुतिकाने मुलुंडला फोन करून तारीख सोडली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटतंय. रजेचा अर्ज करायला नको. भाविकाला पाळणाघर शोधायला नको. आई घरी आहेत, आहे तसं चालेल. हा विचार तिच्या डोक्यात फार तर तीन सेकंद टिकला असेल, पण त्या तीन सेकंदांचा तिला पुढे फार राग आला. कारण त्याच संध्याकाळी जिन्यात तिने मुद्दाम वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावर सगुणाबाई श्वेताच्या दाराबाहेर उभ्या होत्या, कठडा धरून, चपलांकडे बघत. बाहेर एकही चप्पल नव्हती.

मोहरीचं तेल सुरू झालं. घराला लोणच्याचा वास यायला लागला. भाविकाला मात्र तो व्हिडिओ भयंकर आवडला. जेवताना दुसरं काही लावू दिलं तर शपथ. वरणभाताच्या प्रत्येक घासाला ती "व्हय म्हाराजा!" म्हणायची, त्यामुळे जेवण वेळेत होऊ लागलं, ही त्या कौलाची एकच जमेची बाजू.

पंधरा दिवसांनी एका दुपारी भाविका टीपॉयमागे गुरव होऊन बसली. बाहुल्यांचं गाऱ्हाणं घालून झालं आणि तिने श्रुतिकापुढे चुरमुऱ्यांची मूठ धरली. "घे गो बाय."

"डाव्या हाताने नाही द्यायचं, बाळा. प्रसाद उजव्या हाताने."

"नाय!" भाविका ठणकावून म्हणाली. "काका असाच देतात!"

"काका कसे डाव्या हाताने..." म्हणत श्रुतिका थांबली.

तिने मोबाइल घेतला. शेवटचे पाच सेकंद लावले. शिवदासकाका, चाळीस वर्षांचे गुरव, डाव्या हाताने प्रसाद देत होते. श्रुतिकाने चित्र मोठं केलं. मागे भिंतीवर देणगीदारांची फरशी होती, आणि तिच्यावरची सगळी अक्षरं पालथी होती. केतनभाईंच्या फिल्मसारखी.

रोज आठ तास लेबलं तपासणाऱ्या बाईला हे दिसायला दोन आठवडे आणि एक अडीच वर्षांची मुलगी लागली.

तिने काकांना फोन लावला. "काका, तुम्ही डावखुरे आहात का हो?"

"कोण म्हणता?" काका खवळले. "डाव्या हातान परसाद देतलंय? गावात माका ठेवतीत? नि ऑपरेशन झाला काय तिचा? देवान एवढो लख्ख उजवो दिल्यान!"

आपलं चित्र बघत काढलेला व्हिडिओ त्या फोनमध्ये आरशासारखा उलटा उतरायचा, एवढंच. श्रुतिका धावत स्वयंपाकघरात गेली. सगुणाबाई आडाळ्यावर बसल्या होत्या, उजवा पाय लांब सोडून.

"आई! कौल उजवा होता! व्हिडिओ उलटा होता!"

सगुणाबाईंचा नारळावरचा हात थांबला नाही. "म्हायत हा माका."

"काय?"

"शिवदास परसाद देता तो हात मी लगीन होऊन इल्यापासून बघतंय. त्याच दिवशी समाजला."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलू?" आता हात थांबला. "तीन म्हयने मी खाटेर पडतलंय. तू कामाक जातलंस. ह्या चेडवाक, भाविकाक, कोण बघतला? नि वायच बरा झाल्यार डाक्टरीण म्हणता खाली बसू नको. मगे ह्या घरात माझा काम काय रवला? देवान होय म्हटल्यान ता खरा. पण मीच उलटा ऐकलंय. देवाक नंतर समजावतलंय."

श्रुतिका खाली बसली. जमिनीवर, भाविका बसायची त्या जागी. काहीतरी मोठं, समजूतदार बोलावं असं तिला वाटत होतं, पण तोंडातून आलं ते असं, "आई, मलाही त्या दिवशी बरं वाटलं होतं. रजा घ्यायला नको म्हणून."

सगुणाबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग ताटातलं चिमूटभर खोबरं तिच्या हातावर ठेवलं. "खा. नि रजेचो अर्ज लिव."

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. ते सुरळीत झालं, असं लिहायला हरकत नाही. फक्त सुरू व्हायला पाऊण तास उशीर झाला. कारण पहाटे श्रुतिकाने, उजव्या-डाव्याचा आता कोणावरच भरवसा नको म्हणून, सासूबाईंच्या डाव्या गुडघ्यावर न पुसणाऱ्या मार्करने 'हा नव्हे' असं लिहून ठेवलं. सिस्टरला मराठी येत नव्हतं. खूण दिसतेय म्हणजे गुडघा हाच, असं तिला वाटलं, कागदावर उजवा दिसत होता, आणि मग सगळं थांबवून सगळ्यांना बोलावण्यात आलं. मुलुंडच्या डॉक्टर बाईंनी स्पिरिटने ते दोन शब्द घासताना श्रुतिकाला अत्यंत शांत शब्दांत सांगितलं, की खूण करायचं काम हॉस्पिटलचं असतं, ते जागेपणी पेशंटला विचारूनच होतं, आणि नातेवाइकांनी पेशंटवर काही लिहायचं नसतं. श्रुतिका बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. तिच्या मते तिने एक मोठा अनर्थ टाळला होता. हे मत आजवर दुसऱ्या कोणाचं झालेलं नाही.

आत अर्धीच वाटी बदलावी लागली. सहा आठवडे श्रुतिका रजेवर होती, आणि नंतर असा शोध लागला की भिकाजींना मुलं सांभाळता येतात; चाळीस वर्षांत त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आडाळो फळी ठोकून ओट्यावर चढवला. सगुणाबाई उभ्याने खवतात. भाविका शेजारी स्टुलावर उभी राहून चोरते. स्टुलाला चारी बाजूंनी स्पंज.

मे महिन्यात दोघी पहिल्यांदा बाजारात गेल्या. नलिनीमावशींनी पापलेटाची जोडी उचलून धरली.

"सहाशे."

सगुणाबाईंनी काठी श्रुतिकाच्या हातात दिली, दोन्ही पाय रोवले आणि म्हणाल्या, "साडेतीनशे."

"बाय, ऑपरेशन गुडघ्याचा झाला का डोक्याचा?"

"डोळ्यांचा नाय झाला. ह्या पापलेट काल संध्याकाळपासून माका बघता हा!"

पाव तास चाललं ते. लोक थांबून बघायला लागले. एरवी अशा वेळी श्रुतिका लाजून चार पावलं लांब कोथिंबीर बघत उभी राहायची. त्या दिवशी ती काठी घेऊन शेजारीच उभी राहिली, आणि चारशे वीसवर सौदा पटला तेव्हा नलिनीमावशींनी पिशवी तिच्याकडे देता देता फक्त एवढंच म्हटलं, "आता बरी हाय ती."

तर श्रुतिकाचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही जिन्यात कोणीतरी असेलच, ज्यांना अलीकडे फार गप्पा मारायच्या असतात. जे प्रत्येक मजल्यावर थांबून कुंड्या बघतात, किंवा ज्यांनी इतक्यात भाव करायचं सोडलंय. हे वाचायचं झालं असेल, तर जरा बाहेर जाऊन बघता का? बहुतेक तिसऱ्या मजल्यावर असतील.